भात्यातला सूर, देशोदेशीचा

पेटी, माउथ ऑर्गन, अ‍ॅकॉर्डियन आणि कॉन्सर्टिना ही चार वाद्यं समोर मांडली, तर ती एका घरातली आहेत असं कुणाला वाटणार नाही. पहिलं मांडी घालून बसलेल्या माणसापुढे भजनात दिसतं. दुसरं शाळकरी पोराच्या खिशात मावतं. तिसरं आपण पडद्यावर राज कपूरच्या गळ्यात पाहिलं आहे. चौथं षट्कोनी डबीसारखं, बहुतेकांनी चित्रातच पाहिलेलं. पण या चौघांचा गळा एक आहे. आज बोलायचं आहे ते या घराण्याविषयी, आणि त्यातही हातांनी ताणून-दाबून वाजवायच्या भात्याच्या वाद्यांविषयी. या घराण्याला जगभर कुठे डोक्यावर घेतलं गेलं, कुठे दाराबाहेर उभं केलं गेलं. तो इतिहास मोठा मनोरंजक आहे आणि थोडा विचार करायला लावणाराही.

आधी गळ्याविषयी. जुनी पेटी उघडून पाहिली, तर आत पितळेच्या लहान लहान पट्ट्या ओळीनं बसवलेल्या दिसतात. प्रत्येक पट्टीत एक लांबट खाच असते आणि खाचेवर धातूची पातळ जीभ एका टोकाला घट्ट ठोकलेली असते. पेटीवाले या जिभांना ‘सूर’च म्हणतात. जीभ खाचेपेक्षा केसभर लहान असते. त्यामुळे हवेचा झोत आला की ती खाचेतून आरपार मागेपुढे हलते, कशावरही आपटत नाही. म्हणून इंग्रजीत तिला मोकळी जीभ म्हणतात. लांब आणि जड जीभ सावकाश हलते, ती खर्ज देते. आखूड जीभ भरभर हलते, ती तार सप्तकात बोलते. कारागीर टोकाशी किंचित घासतो तेव्हा सूर चढतो, बुडाशी घासतो तेव्हा उतरतो. अनेक वर्षांची मेहनत त्या एवढ्याशा कानशीत असते.

सनईलाही पत्ती असते, पण तिचा सूर नळीच्या लांबीवर ठरतो. नळी नसेल तर सनई नाही. मोकळ्या जिभेला मात्र नळीची गरज नसते, तिचा सूर तिच्या लांबीत, जाडीत आणि वजनातच ठरलेला असतो. एवढ्या एका गुणामुळे हे वाद्य लहान पेटीत मावलं, स्वस्त झालं, पाठीवर टाकून नेता आलं. पुढचा सगळा इतिहास या गुणातून निघाला.

ही जीभ मुळात युरोपची नव्हे. चीनमध्ये ‘शंग’ नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य आहे. भोपळ्यात किंवा वाटीसारख्या भांड्यात उभ्या खोचलेल्या बांबूच्या नळ्या आणि प्रत्येक नळीच्या बुडाशी एक मोकळी जीभ. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात झंग नावाच्या राज्याचा यी हा अधिपती होऊन गेला. त्याचं थडगं १९७० च्या दशकात उकरलं, तेव्हा कांस्याच्या घंटांच्या प्रसिद्ध संचाबरोबर शंगचेही अवशेष मिळाले. म्हणजे हे वाद्य चोवीसशे वर्षांपेक्षाही जुनं. लाओसमध्ये ‘खेन’ हे त्याचंच भावंड आजही वाजतं. अठराव्या शतकात पेकिंगमध्ये राहणाऱ्या आमियो नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकानं अशी वाद्यं पॅरिसला पाठवली, असं वाद्यांच्या इतिहासात नमूद आहे.

युरोपात या जिभेला पहिलं मोठं काम मिळालं ते मात्र गाण्याचं नव्हे, बोलण्याचं. सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीनं एक बक्षीस लावलं होतं : माणसाच्या तोंडातून निघणारे स्वर वेगवेगळे का ऐकू येतात ते सांगा, आणि ते काढणारं यंत्र करून दाखवा. १७८० साली हे बक्षीस कोपनहेगनमधल्या क्रात्झेनश्टाइन नावाच्या प्राध्यापकाला मिळालं. त्यानं वेगवेगळ्या आकाराच्या पोकळ्या केल्या आणि त्यांत हवा सोडून आ, ए, ई, ओ, ऊ असे स्वर काढून दाखवले. त्यांतल्या बहुतेक पोकळ्यांच्या बुडाशी मोकळी जीभ होती. मला ही गोष्ट फार आवडते. ज्या जिभेनं पुढे जगभराचं गाणं केलं, ती युरोपात प्रथम आपल्या बाराखडीतले स्वर गिरवत होती.

यानंतर पन्नास वर्षं युरोपातले कारागीर या जिभेच्या मागे लागले होते. अखेर ६ मे १८२९ रोजी व्हिएन्नामध्ये सिरिल डेमियन या आर्मेनियन वंशाच्या वाद्यकारानं आपल्या दोन मुलांसह एका नव्या वाद्याच्या हक्कासाठी अर्ज केला. लहानशी पेटी, खाली भाता आणि वर पाच चाव्या. एक चावी दाबली की एकच सूर नव्हे, तर तीन-चार सुरांचा मेळ एकदम वाजे. अशा मेळाला जर्मनमध्ये ‘आकोर्ड’ म्हणतात, म्हणून वाद्याचं नाव पडलं अ‍ॅकॉर्डियन. भाता ताणताना एक मेळ आणि दाबताना दुसरा, म्हणजे पाच चाव्यांत दहा मेळ. प्रवाशांना आणि गावोगावच्या हौशी लोकांना फारशा सरावाशिवाय गाण्याची साथ करता यावी, हा त्यामागचा हेतू होता.

ताणताना एक आणि दाबताना दुसरा सूर, हे कसं? प्रत्येक खिडकीत दोन जिभा असतात, एक आतल्या बाजूनं लावलेली, दुसरी बाहेरच्या बाजूनं. भाता उघडतो तेव्हा हवा आत येते आणि एक जीभ बोलते. भाता मिटतो तेव्हा हवा बाहेर जाते आणि दुसरी बोलते. जिची पाळी नाही तिच्यावर चामड्याची छोटी झडप बसते. दोन्ही जिभा एका सुरात लावल्या, तर भाता कुठेही जावो, सूर तोच राहतो. वेगळ्या लावल्या, तर श्वास बदलताच सूर बदलतो. या घराण्यात पुढे ज्या शाखा फुटल्या, त्यांतला मुख्य भेद हाच.

व्हिएन्नात डेमियनचा अर्ज मंजूर होत होता, त्याच वर्षी लंडनमध्ये चार्ल्स व्हीटस्टन याच वाटेवर होता. हे नाव आपल्याकडच्या विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना पाठ आहे, ते विजेचा रोध मोजणाऱ्या ‘व्हीटस्टन ब्रिज’मुळे. १८३७ साली कुकबरोबर तारायंत्र उभारणारा तो हाच. त्याचं घराणं वाद्यांच्या व्यापारातलं. १८२९ मध्ये त्यानं मोकळ्या जिभांचं एक फुंकवाद्य नोंदवलं आणि त्यालाच भाता जोडून कॉन्सर्टिना घडवली. तिच्या सुधारित रूपाचे हक्क त्यानं १८४४ मध्ये घेतले. दोन्ही बाजूंना षट्कोनी लाकडी तबकड्या, मध्ये भाता आणि बोटाखाली अठ्ठेचाळीस बटणं. भाता कुठेही जावो, सूर तोच. वैज्ञानिकाची शिस्त तिच्या बटणांच्या मांडणीतही दिसते : स्वरमालिका वाजवायची तर डावा हात, उजवा हात असं आळीपाळीनं चालावं लागतं. सुरुवातीला हे वाद्य लंडनच्या बड्या घरांतल्या दिवाणखान्यांत वाजलं. ज्युलिओ रेगोंडी हा नावाजलेला गिटारवादक त्यावर मैफली करी.

पण दिवाणखान्यात ते फार काळ राहिलं नाही. इकडे जर्मनीत, केमनिट्स गावात, कार्ल फ्रीडरिश उहलिग यानं १८३४ मध्ये आपली कॉन्सर्टिना बाजारात आणली होती. ती चौकोनी, साधी, ताणताना-दाबताना सूर बदलणारी आणि मुख्य म्हणजे स्वस्त. इंग्लंडमध्ये तिच्यापासून ‘अँग्लो’ नावाची जात तयार झाली आणि कॉन्सर्टिना खलाशांच्या, मजुरांच्या, रस्त्यावर प्रार्थना म्हणणाऱ्या साल्व्हेशन आर्मीच्या हाती गेली. आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात ती घरोघरच्या बायकांचं वाद्य झाली. किलरश गावातल्या एलिझाबेथ क्रॉटी या बाईंचं वादन पुढे रेडिओवरून देशभर ऐकलं गेलं. दक्षिण आफ्रिकेत झुलू मजुरांनी खाणींकडे पायी जाताना हेच वाद्य बरोबर घेतलं आणि त्याची बटणं आपल्या गाण्याप्रमाणे नव्यानं लावून घेतली. लंडनच्या दिवाणखान्यात ज्याची हौस पन्नास-साठ वर्षांत ओसरली, ते पायवाटेवर टिकलं.

इटलीतल्या कास्तेलफिदार्दो गावची कथा तर एखाद्या लोककथेसारखी सांगतात. १८६३ च्या सुमाराला लोरेतोच्या तीर्थाला निघालेला एक ऑस्ट्रियन यात्रेकरू वाटेत सोप्रानी नावाच्या शेतकऱ्याच्या घरी मुक्कामाला थांबला. त्याच्याजवळ अ‍ॅकॉर्डियन होतं. ते त्या घरी राहिलं आणि पाओलो या तरुण मुलानं ते उघडून पाहिलं. कथा बाजूला ठेवली तरी पाओलो सोप्रानीनं भावांच्या मदतीनं कारखाना काढला आणि लोरेतोच्या यात्रेकरूंना, जत्रांतल्या फिरत्या वादकांना वाद्यं विकली, हे खरं आहे. त्या गावाचं नाव आजही जगभर या वाद्यासाठीच घेतलं जातं. उजव्या हाताला पियानोच्या पट्ट्या आणि डाव्या हाताला खर्जाची व मेळांची बटणं, ही आपल्या ओळखीची घडण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. रशियात १९०७ साली वेगळ्या घडणीच्या वाद्याला ‘बायान’ हे प्राचीन भाटाचं नाव मिळालं. जर्मनीतल्या होनर कंपनीनं माउथ ऑर्गनचा पसारा उभा केला होता, तिनं १९०३ पासून अ‍ॅकॉर्डियनही करायला घेतलं.

या वाद्यानं पाहता पाहता गावोगावच्या जुन्या वादकांची जागा घेतली. लग्नात तीन-चार वादक लागत, तिथे एका माणसात काम भागू लागलं. सूर, ठेका आणि मेळ एकाच भात्यातून येई, आणि आवाज नाचाच्या गलक्यातही पोचे. साहजिकच शिष्ट संगीतकारांनी त्याला नाकं मुरडली. ते कर्कश आहे, बाजारू आहे, त्याचे सूर ठरीव आहेत, त्यानं जुनी लोकवाद्यं मारली, असे आरोप देशोदेशी झाले. त्यातला शेवटचा आरोप अगदीच खोटा नव्हता. बॅगपाइप आणि लोकांतली साधी व्हायोलिन अनेक ठिकाणी मागे पडली, ती याच वाद्यामुळे.

पण त्यानं जोडलंही पुष्कळ. कोलंबियाच्या कॅरिबियन किनाऱ्याकडच्या मुलखात गुरं राखणारे आणि फिरस्ते गवई अ‍ॅकॉर्डियन घेऊन गावोगाव हिंडत. कुणाच्या घरी लग्न, कुठे भांडण, कुठे पूर, कोण कुणावर रुसलं, सगळी खबर गाण्यातून पोचे. आपल्या शाहिरांची आठवण यावी अशीच ही रीत. त्यांच्या गाण्याला ‘वाय्येनातो’ म्हणतात. या परंपरेतला फ्रान्सिस्को नावाचा गवई प्रत्यक्ष सैतानाशी सवाल-जवाब करून जिंकला, अशी दंतकथा आहे. गाब्रिएल गार्सिया मार्केझ यांनी ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ या कादंबरीत या गवयाला थेट आणून बसवलं. तिथल्या वाय्येदुपार शहरात १९६८ पासून अ‍ॅकॉर्डियनवाल्यांचा उत्सव भरतो आणि विजेत्याला राजा म्हणतात.

या घराण्यात मला सर्वांत जवळचं वाटतं ते बँडोनियन. जर्मनीतल्या क्रेफेल्ड गावी हाइनरिश बांड नावाचा वाद्यविक्रेता होता. उहलिगच्या कॉन्सर्टिनात भर घालून त्यानं १८४० च्या दशकात हे वाद्य आणलं, म्हणून त्याचं नाव जोडलं गेलं. ऑर्गन परवडत नाही अशा प्रार्थनास्थळांत आणि जर्मन खाणकामगारांच्या, गिरणीकामगारांच्या मंडळांत ते वाजे. या मंडळींना स्वरलिपी वाचता येत नसे, म्हणून बटणांवर आकडे घातलेले आणि गाणी आकड्यांत लिहिलेली असत. गरिबाचा पियानो असंच त्याला म्हणत.

बटणांची मांडणी मात्र विलक्षण अवघड. वर्षानुवर्षं नवीन बटणं जमेल तिथे जोडत गेल्यामुळे तिच्यात सरळ क्रम असा राहिला नाही. अर्जेंटिनात रुळलेल्या घडणीत एकाहत्तर बटणं असतात. प्रत्येकाला भाता उघडताना एक आणि मिटताना दुसरा सूर, म्हणजे एकशे बेचाळीस. थोडक्यात, वादकाला दोन हातांचे आणि दोन श्वासांचे मिळून चार वेगवेगळे नकाशे पाठ करावे लागतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे वाद्य जर्मनीहून बोटीनं दक्षिण अमेरिकेत गेलं. ब्वेनोस आयरेस बंदरात तेव्हा इटालियन, स्पॅनिश, आफ्रिकी वंशाचे, पूर्व युरोपातले असे घर सोडून आलेले लोक दाटीवाटीनं राहत होते. त्यांच्या वस्त्यांतून टँगो जन्मला होता. आधी बासरी, व्हायोलिन, गिटार यांवर तो भरधाव आणि खेळकर वाजे. बँडोनियन आलं आणि टँगोची चाल मंद झाली, स्वभाव गंभीर झाला. हे वाद्यामुळे झालं की ऐकणाऱ्यांच्या मनामुळे, यावर वाद घालता येईल. पण ज्यांची घरं समुद्रापार राहिली होती, त्यांना त्या आवाजात आपला उसासा सापडला, एवढं निश्चित. प्रार्थनेसाठी घडवलेलं वाद्य दारूच्या गुत्त्यांत वाजू लागलं आणि तिथे त्याचा गंभीरपणा काही सुटला नाही.

जर्मनीतल्या कार्ल्सफेल्ड गावी आल्फ्रेड आर्नोल्ड याचा कारखाना होता. ‘दोब्ले आ’, म्हणजे दोन ‘आ’, या खुणेची त्याची बँडोनियनं १९२० आणि ३० च्या दशकांत हजारोंनी अर्जेंटिनात गेली. मग महायुद्ध झालं. कार्ल्सफेल्ड रशियाच्या ताब्यातल्या भागात आलं, १९४८ मध्ये कारखाना सरकारजमा झाला आणि पुढे तिथे वाद्यांऐवजी डिझेल इंजिनाचे भाग होऊ लागले. एका देशाचं हृदय दुसऱ्या देशात घडत होतं आणि ते घडवणारे हातच थांबले. त्यानंतर अर्जेंटिनातले वादक जुनीच वाद्यं दुरुस्त करत, एकाचे सूर दुसऱ्याला लावत वाजवत आले. जुनी वाद्यं पर्यटकांबरोबर आणि परदेशी संग्राहकांकडे जाऊ लागली, तेव्हा २००९ साली तिथल्या संसदेला कायदा करावा लागला. चाळीस वर्षांहून जुन्या बँडोनियनना सांस्कृतिक ठेवा म्हणून संरक्षण मिळालं. त्याच वर्षी युनेस्कोनं टँगोला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं. आनिबाल त्रोइलो या थोर वादकाचा जन्मदिवस, ११ जुलै, अर्जेंटिनात बँडोनियन दिन म्हणून पाळतात.

आस्तोर पियाझोला हा त्रोइलोच्याच वाद्यवृंदात तयार झाला. जन्म १९२१ चा. बालपण न्यूयॉर्कमध्ये गेलं. तिथे वडिलांनी गहाणवटीच्या दुकानातून जुनं बँडोनियन आणून त्याला दिलं. मोठेपणी त्याला शास्त्रशुद्ध पाश्चात्त्य संगीत रचायचं होतं, टँगोची लाज वाटू लागली होती. १९५४ मध्ये तो पॅरिसला नादिया बुलांजे या जगप्रसिद्ध शिक्षिकेकडे गेला. आपण बँडोनियन वाजवतो हे त्यानं आधी लपवलं. बाईंनी त्याच्या मोठमोठ्या रचना पाहिल्या. त्या नीटनेटक्या होत्या, पण त्यांत तो दिसत नव्हता. मग त्यांनी त्याला त्याचा एक टँगो वाजवायला लावला आणि सांगितलं, की खरा पियाझोला हा आहे, याला सोडू नकोस. तो परतला आणि त्यानं नवा टँगो घडवला. १९५९ मध्ये वडील गेल्यावर त्यानं रचलेली ‘आदिओस नोनिनो’ आज जगभर वाजते. जुन्या टँगोवाल्यांनी त्याला शिव्या घातल्या त्या वेगळ्याच.

नभोवाणीवर बोलताना एक रेडिओची गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९४१ मध्ये फिनलंडच्या सैन्यानं विपुरी शहर रशियाकडून परत घेतलं. माघार घेताना रशियनांनी शहरात सुरुंग पेरले होते. दुरून रेडिओवर ठरावीक तीन सुरांचा संकेत आला की ते उडत. फिनिश लोकांना हा प्रकार उमगला, तेव्हा त्यांनी त्याच लहरीवर वेगवान गाणं सतत वाजवायला सुरुवात केली, म्हणजे संकेत त्यात बुडून जावा. निवडलं गेलं विली वेस्तेरिनेनचं अ‍ॅकॉर्डियनवरचं ‘सॅक्कियार्वी पोल्का’. सुरुंगांच्या बॅटऱ्या संपेपर्यंत, १९४२ च्या सुरुवातीपर्यंत, ते वाजत राहिलं. लग्नात नाचायचं वाद्य महिनोन्‌महिने एका शहराची राखण करत होतं.

आणि आता आपल्या घरी येऊ. आपल्या पेटीचा पूर्वज म्हणजे पॅरिसच्या आलेक्सांद्र दबेननं १८४२ मध्ये नोंदवलेलं हार्मोनियम. ते मेजाएवढं, पायानं भाता मारायचं. मिशनरी आणि साहेब लोकांबरोबर ते इकडे आलं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ या १८७५ साली निघालेल्या पेढीनं ते जमिनीवर बसून वाजवता येईल असं घडवलं. भाता मागे गेला आणि हातानं हलू लागला. इथे एक बारीक फरक लक्षात घ्यावा. अ‍ॅकॉर्डियनचा भाता उलटा फिरताना सुराला क्षणभर धक्का बसतो, जणू वादक श्वास घेतो. आपल्या पेटीत मात्र बाहेरच्या भात्याखेरीज आत हवेचा साठा असतो, म्हणून सूर अखंड राहतो. षड्‌ज धरून ठेवायची सवय असलेल्या कानांना हे मानवलं.

मराठी संगीत नाटकानं पेटीला सन्मानानं बसवलं. ‘मानापमान’ला १९११ मध्ये संगीत देणारे गोविंदराव टेंबे हे पेटीचे किमयागार होते. पुढे गोविंदराव पटवर्धन, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी ती परंपरा मोठी केली, आणि पु. ल. देशपांडे पेटीवर बसले की लेखक कुठला आणि वादक कुठला हे कळत नसे.

तरीही १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमला बंदी घातली. बंदीमागची कारणं पोकळ नव्हती. पेटीत मींड नाही, दोन सुरांमधली वाट नाही. शिवाय पाश्चात्त्य पद्धतीत सप्तकाचे बारा सारखे भाग करतात. सप्तक १२०० भागांचं मानलं, तर तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा गंधार सुमारे ३८६ वर येतो, आणि पेटीचा ४०० वर. तयार कानाला हा फरक टोचतो. रवींद्रनाथ ठाकूरांचाही पेटीला विरोध होता. उपाय शोधणारेही होते. सांगलीचे कृ. ब. देवल आणि क्लेमेंट्स नावाचे इंग्रज न्यायाधीश यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याचा आधार घेऊन श्रुतींची पेटी करवली. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनीही बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. पेटी ‘गांधार’मध्ये लावून देणारे कारागीरही आपल्याकडे आहेत. म्हणजे दोष होता, पण तो घासून-पुसून दूर करण्यासारखा होता. त्याऐवजी दार लावलं गेलं. त्या काळात रेडिओचं दार म्हणजे कलावंताच्या भाकरीचं दार. ते अंशतः उघडलं १९७१ मध्ये, म्हणजे तीस वर्षांनी.

गंमत अशी, की ही तीस वर्षं पेटीचं बाहेर काहीच अडलं नाही. सप्ताहातल्या भजनात ती होती, उरुसातल्या कव्वालीत होती, गुरुद्वाऱ्यात होती, खेड्यातल्या चर्चमध्ये होती, तमाशाच्या बोर्डावरही होती. या सगळ्या ठिकाणी जिला सारखाच मान आहे, अशी वस्तू आपल्याकडे मोजकीच. जन्म पॅरिसचा, कूळ चीनचं. पण तिला परकी म्हणायला ऐकणारा तयार नव्हता.

तिची बहीण अ‍ॅकॉर्डियन मुंबईच्या चित्रपटसंगीतात रमली. गुडी सिरवई, केरसी लॉर्ड हे पारशी वादक, पुण्याचे एनॉक डॅनियल्स, यांची नावं तबकडीवर क्वचितच आली. पण त्यांचे सूर तोंडपाठ नाहीत असा माणूस विरळा. १९६४ च्या ‘संगम’मध्ये राज कपूरच्या गळ्यात तेच वाद्य होतं. १९६९ च्या ‘आराधना’मधलं पावसाच्या रात्रीचं गाणं आठवा. त्यातलं अ‍ॅकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचं. पुढे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आले. एका खटक्यावर अ‍ॅकॉर्डियनचा आवाज निघू लागला आणि अ‍ॅकॉर्डियनवाल्याला बोलावणं येईनासं झालं.

कीबोर्डला भाता नसतो, हा मुद्दा इथे महत्त्वाचा आहे. भात्याच्या वाद्यात चावी फक्त सूर निवडते. तो किती जोरात, किती हळू, कुठे थरथरत म्हणायचा, हे भाता ठरवतो, आणि भाता ठरवतो वादकाचा दंड. ठरीव सुरांच्या वाद्यातून पियाझोलानं बापाचा शोक वाजवला आणि अप्पांनी भीमसेन जोशींच्या गळ्याची साथ केली, ती या हवेच्या जोरावर. आम्हा कवींना हे समजायला अवघड जाऊ नये. शब्द तर सगळ्यांचे तेच असतात, कोशात ठरलेले. फरक पडतो तो श्वासाचा.

अशी वाद्यं वापरात राहिली तरच जगतात. भाता महिनोन्‌महिने मिटलेला राहिला की चामडं आखडतं, घड्यांना भेगा जातात, दमट हवेत जिभांवर गंज चढतो. अर्जेंटिनाला शहाणपण आलं ते कारखाना बंद झाल्यावर साठ वर्षांनी. आपल्याकडे सूर घासणारे, भाते शिवणारे हात अजून आहेत, गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर अजून नावाजलेले आहेत. अनेक घरांत माळ्यावर आजोबांची पेटी कापडात गुंडाळून ठेवलेली असते. ती खाली काढावी, पुसावी आणि आपल्या गावातला पेटी दुरुस्त करणारा कारागीर कोण, याची चौकशी करावी. तो म्हातारा झाला असेल, तर जरा लवकर करावी.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)